डाव्या हातातला पेरू

सावेडी, अहिल्यानगर
११ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना राजीचा नमस्कार.

सोबत 'शीतघर'च्या दोन प्रती पाठवते आहे. एक वाचनालयाला, आणि दुसरीही वाचनालयालाच, पहिली फाटली की लावायला. तुम्ही वाचू नका, हे आधीच सांगते. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढलेला नाही आणि प्रकाशकांनी कागद वाचवायला अक्षर मुंगीएवढं केलंय. शिवाय गोष्ट काळीकुट्ट आहे. बातम्यांत अपघात दाखवला तरी तुमच्यासाठी मामीला चॅनल बदलावं लागतं.

नोंदवहीत 'विषय' असा रकाना असतो ना, त्याच्यापुरतं इथेच लिहून देते, म्हणजे तुम्हाला पुस्तक उघडायला नको. नदीकाठच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत डॉ. त्रिंबक नावाचा ऊस-शास्त्रज्ञ गुपचूप स्वतःचे क्लोन तयार करतो. त्याला हुबेहूब आपल्यासारखा वारस हवा असतो. जो मुलगा जरासा वेगळा निघतो, त्याची रवानगी वसाहतीमागच्या शीतघरात होते. पाचवा मुलगा जिवंत राहायला शिकतो. पुढचं ज्याचं त्यानं वाचावं.

इथल्या प्रतिक्रिया संमिश्र, म्हणजे अर्ध्या लोकांनी वाचलेलं नाही. आमच्या मुख्याध्यापिका 'मुखपृष्ठ छान' म्हणाल्या आणि लगेच प्रश्नपत्रिकांकडे वळल्या. एक जुना विद्यार्थी रिक्षात वाचत बसला आणि त्याला उतरायचं होतं तो चौक मागे पडला. शेजारची रेश्मा वाटीभर शिरा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "काकू, सगळं बरं आहे ना?" सत्तावीस वर्षं पेशीविभाजन शिकवणारी बाई एकदम माणसं गोठवायला लागली, म्हणजे तिचं काहीतरी बिनसलंय असा तिचा समज आहे.

कोल्हारचे वाचक तोंडावर बोलतात, म्हणून मला त्यांचं ऐकायचंय. वहीतले अभिप्राय जसेच्या तसे पाठवा. मलमपट्टी नको.

तुमची,
राजी

•

कोल्हार
२० नोव्हेंबर २०२४

चि. राजी,

लेखिका झालीस म्हणून खोकला भीत नाही, काढा घेत जा.

पुस्तकं मिळाली. दाखल क्रमांक ६११४ आणि ६११५. प्लास्टिकचं वेष्टन मी स्वतः घातलं. तू मोबाईलवर 'मिळाली का' म्हणून विचारलं होतंस, त्याला उत्तर दिलं नाही. मोबाईलवर कोण गेलं आणि पाटाला पाणी कधी सुटणार एवढंच बोलावं. पुस्तकाचं बोलणं कागदावर.

आपला नियम तुला ठाऊक आहेच. पुस्तक परत करताना वहीत दोन ओळी लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. त्यामुळे आपल्या गावात नाइलाजाने मत असणारे वाचक पुष्कळ. यंदा त्यात एक घोळ झाला. निवृत्त पोस्टमन ज्ञानेश्वर हल्ली आपल्याकडे कपाटं लावतो. त्याने नाव वाचून तुझी कादंबरी शेतीच्या कपाटात, कांदा साठवणुकीच्या पुस्तकांना खेटून ठेवली. मी नको म्हणेपर्यंत दोन्ही प्रती गेल्या. तेव्हा तुझे पहिले वाचक डाळिंबवाले आणि दूधवाले आहेत, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

गोरक्ष (दूध संकलन केंद्रवाला): "शीतघराला किती टक्के अनुदान मिळते याचा कोठेही उल्लेख नाही. तरी सोडवले नाही, दोन वेळचे दूध घालता घालता संपवले. एकाच वळूची गावात शंभर वासरे आहेत. एक लाथ मारते, एक मारत नाही. त्या डॉक्टरला आठ दिवस माझ्या गोठ्यावर पाठवा."

आप्पासाहेब (आपले निवृत्त हेडमास्तर): "शुद्धलेखनाच्या एकेचाळीस चुका. मुलांनी ज्येष्ठांशी कसे वागावे याचा आदर्श नाही. शेवट बदलावा. मुलाने डॉक्टरांची क्षमा मागावी. पृष्ठ ६३ वरील वर्णन ओळखीचे वाटते."

मी पण सुरुवात केली आहे. तू नको म्हणालीस म्हणूनच केली. भिंग घेऊन दिवसाला दोन-तीन पानं होतात. सध्या पान चौदावर आहे. तुझा डॉक्टर चहा बशीत ओतून तीनदा फुंकतो आणि मगच पितो, हे बारकाईने लिहिलं आहेस. असे लोक असतात.

आता महत्त्वाचं. रविवार, ९ फेब्रुवारीला वाचनालयाचा वर्धापनदिन. यंदा 'शीतघर'वर वाचकांची चर्चा ठेवतो आहे. तू प्रमुख पाहुणी, मी अध्यक्ष. नकार चालणार नाही.

तुझा,
मामा

•

सावेडी
२९ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. अनुदानाचं ऐकून चित्रकलेच्या सरांना ठसका लागला.

गोरक्षभाऊंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, एका वळूची वासरं क्लोन नसतात, त्यांच्या आया वेगळ्या असतात. खरा क्लोन तुमचा ऊस. एका उसाच्या कांड्या तोडून लावल्या की उगवतो तो तोच ऊस, दुसरा कुणी नव्हे. तुम्ही चौतीस वर्षं कारखान्याच्या शेतकी खात्यात हेच करत होतात. जिल्हाभर क्लोन लावत हिंडलात, फक्त तेव्हा त्याला कुणी भयकथा म्हटलं नाही.

आप्पासाहेबांच्या एकेचाळीस चुकांपैकी सतरा माझ्या, बाकी छापखान्याच्या. ओळखीचं वाटण्याचं म्हणाल तर कुठलाही म्हातारा कुठल्याही म्हाताऱ्यासारखा दिसतोच.

मामा, खरंच सांगते, चौदाव्या पानावर थांबा. डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण नको म्हणून सांगितलंय. मीच केव्हातरी येऊन तुम्हाला वाचून दाखवीन, त्यातलं चांगलं चांगलं.

नऊ फेब्रुवारीचं कठीण दिसतं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा त्याच सुमाराला असतात. रविवारी नसतात हे मलाही माहीत आहे, पण तयारी असते. अध्यक्ष आणि पाहुणी एकाच घरातले बरे दिसणार नाहीत, हेही आहेच.

एक बरी बातमी. पुस्तकावर इतकी भांडणं होतायत की ते खपतंय. प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचं बोलतायत.

राजी

•

कोल्हार
१२ डिसेंबर २०२४

चि. राजी,

पान त्रेसष्टवर आलो. मध्ये दोन दिवस ढगाळ होतं, नाहीतर सत्तरी गाठली असती.

तुझा डॉक्टर शर्टाच्या खिशात घडीचा चाकू ठेवतो, पेरूच्या बरोब्बर आठ फोडी करतो आणि सगळ्यांना 'बाळ' म्हणतो. हिरव्या शाईने लिहितो. वाचून मजा वाटली. खलनायक म्हटला की त्याच्या गालावर व्रण हवा, अशी माझी समजूत होती. आता तिसरा मुलगा जन्माला यायचा आहे असं दिसतं.

का कोण जाणे, गावात काही जण मला 'डॉक्टर' म्हणायला लागले आहेत. परवा दूध घालायला गेलो तर गोरक्ष म्हणतो, "या डॉक्टर, आज फॅट किती लागंल?" मी म्हटलं, निवृत्त माणसाला पदवी मिळत असेल तर सोडू नये.

आणखी अभिप्राय. आपला करण, कॉलेजात जातो तो: "शेवट सांगायचा नसतो म्हणून सांगत नाही. फक्त एवढेच की पाचवा मुलगा…" याच्या पुढे त्याने अख्खा शेवट लिहून ठेवला आहे. मी वाचायच्या आत त्यावर कोरा कागद चिकटवला. तरी लोक वही उजेडाकडे धरून वाचतातच.

दुसरा अभिप्राय मी तीनदा वाचला. तिसगावकडची ऊसतोडणीची टोळी नदीच्या अलीकडे उतरली आहे. त्यातला बजरंग आणि त्याची बायको धनश्री. ती दहावी झालेली आहे. अनामत न घेता पुस्तक देतो मी तिला, समितीला सांगत नाही. तिने लिहिलंय, तसंच उतरवतो:

"भ्या वाटलं न्हाई. माझी अशी एक नक्कल मिळाली तर एक मी हितं ऊस तोडीन आन एक मी तिसगावला लेकरांपाशी राहीन. त्यातली खरी कोनती ते लेकरं ठरवतील."

पुस्तक परत देताना ती मला म्हणाली, "ज्यानं ह्ये लिव्हलं त्याला घरात कुनीतरी लई जीव लावलेला असनार. आन लई तरास बी दिलेला असनार." मी म्हटलं, लिहिणारी बाई आहे. ती म्हणाली, "मंग तर नक्कीच."

प्रात्यक्षिकाची तयारी सकाळी उरकून बाराच्या एसटीत बस. चर्चा चारला आहे.

मामा

•

सावेडी
१८ डिसेंबर २०२४

मामी,

हे पत्र तुला आहे. मामांना दाखवू नकोस. पाकिटावर रेश्माचं नाव घातलंय. विचारलं तर तिने लोणच्याची कृती मागितली आहे असं सांग.

मामी, काहीही कर पण ते पुस्तक लपव. ज्वारीच्या कोठीत टाक, चादरींखाली घाल, शेळीपुढे ठेवलंस तरी चालेल. ते पान त्रेसष्टवर आहेत. एकशे अठरा येऊ देऊ नकोस, आणि शेवट तर अजिबातच नको. तिसरा मुलगा डावखुरा आहे, मामी. एवढं सांगितलं तरी तुला कळेल. आणि शेवटी पाचवा मुलगा डॉक्टरला शीतघरात घालून बाहेरून कडी लावतो आणि परीक्षेला निघून जातो.

लिहिताना मला वाटलं होतं, हे सगळं बनवलेलं आहे. बशी आणि चाकू आपोआप आले, हाताशी होते म्हणून घेतले. पुस्तक छापून आलं तेव्हा दिसलं की मी कुणाला कोंडलंय. ज्या माणसानं मला वाढवलं त्याला मी दोनशे पानं छळून मारलंय, आणि तो मला भिंगातून वाचत शाबासकी देतोय. नऊ तारखेला गावासमोर त्यांच्या शेजारी मी कुठल्या तोंडाने बसू?

तुझी राजी

•

कोल्हार
२७ डिसेंबर

राजीबाय,

तुजं पत्र मिळालं. रेश्माचं नाव घातलंस पन अक्षर तुजंच की. म्हंजी तुज्या मामाचंच. त्यास्नी लगीच कळलं. पाकीट माज्या हातात दिलं आन म्हनले, "लोनच्याचं असंल." मंग उगाच परड्यात जाऊन हुबं राहिले.

आता खरं सांगती. मला सांगू नगं म्हनून शपथ घातली हुती, पन माजं वय झालं, शपथ लक्षात राहत न्हाई. तुजं पुस्तक त्येंनी वाचनालयात न्यायच्या आदी, पयल्या दोन दिसातच वाचलं. मंग परत वाचलं. मंग तिसऱ्यांदा. पान चौदा, पान तिरसष्ट, ह्ये सगळं तुला लिव्हायपुरतं. मी म्हनलं, कशाला पोरीला खेळवता? तर म्हनले, "ती आपनहून सांगती का बघतो. सांगाय येळ लागतोय तिला, म्हनून मी हळूहळू वाचतोय."

आन वहीवर कागद चिकटवला त्यो बी करनच्या लिव्हन्यावर न्हाई. त्येच्या खाली चार जनांनी लिव्हलं हुतं की ह्यो डॉक्टर म्हंजी आपले रंगनाथराव. त्ये झाकलं. सोताची लाज म्हनून न्हाई. तू आलीस आन वही चाळलीस तर तुला वाईट वाटंल म्हनून.

तिसऱ्यांदा वाचल्यावर मला इचारलं, "मालन, मी असा हाय का?" मी भाकरी थापत हुते. मी म्हनलं, "व्हय." मंग म्हनलं, "पर एवढाच न्हाई." तवापून पेरूला हात लावला न्हाई. झाडाखाली पडत्यात आन पाखरं खात्यात.

तू लिव्हलंस त्ये बरं केलंस. माजं बी कायकाय लिव्हायचं हाय, पन मला येवढं जमत न्हाई. फकस्त येक इचारते. दोनशे पानं लिव्हलीस, त्येच्या आदी येकदा तोंडानं सांगाय काय झालं हुतं? मानूस कान नसलेला न्हाई.

नऊ तारखेला न्हाई आलीस तर खुर्ची मोकळी ठेवनार म्हनत्यात. त्या मोकळ्या खुर्चीशेजारी मला त्येंना बगवनार न्हाई. तू त्येंना लिव्ह. मला लिव्हू नगं.

मामी

•

सावेडी
४ जानेवारी २०२५

मामा,

मामीवर रागावू नका. तिने सगळं सांगितलं. आपण दोघं सारखेच आहोत. एकाने वाचलेलं लपवलं, एकीने लिहिलेलं.

डॉक्टर त्रिंबक तुम्ही आहात. माणसं गोठवणं माझं, बाकी तुमचं. बशी तुमची, चाकू तुमचा, हिरवी शाई तुमची. पान एकशे अठरावरचा डाव्या हातातला पेरूही तुमचाच आहे, आणि तो तुम्हाला ओळखू आला असणार.

वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्ही आईला आणि मला कोल्हारला आणलंत, स्वतःच्या ताटातलं वाढलंत. मी पाटीवर डाव्या हाताने लिहायची. तुम्ही कधी मारलं नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाहीत. परड्यातला पेरू तोडून माझ्या डाव्या हातात द्यायचात. पेरू खाली ठेवायचा नाही, खायचा नाही, अभ्यास संपला की तुझा. डावा हात असा गुंतवून ठेवलात आणि उजव्यात पेन्सिल दिलीत. दिवाळीपर्यंत मी उजव्या हाताने लिहायला लागले, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत हुबेहूब तुमच्यासारखं. तुमचा तो लांब शेपटीचा 'ळ'सुद्धा आला.

दहावीनंतर मला मराठी घ्यायचं होतं. मी दोनदा म्हटलं. तुम्ही 'बघू' म्हणालात. मग एक दिवस कळलं की विज्ञानाचा अर्ज भरून झालाय आणि त्यावर माझी सही आहे. ती तुम्ही केली होतीत. कुणाला कळलं नाही, कारण आपलं अक्षर एकच होतं.

मला राग आला होता. हे मला कळायला कादंबरी लिहावी लागली आणि बावन्न वर्षांचं व्हावं लागलं. इतकी वर्षं मी त्या रागाला कृतज्ञतेच्या खाली दाबून ठेवलं होतं, कारण तुम्ही नसतात तर माझी शाळाच सुटली असती. हेही खरं आहे. मला जीवशास्त्र आवडायला लागलं, हेही खरं आहे. तुमच्यावर माझा जीव आहे आणि तुमच्यावर माझा राग आहे, आणि दोन्ही एका माणसावर कसे करायचे हे मला येत नाही.

पुस्तक लिहिलं याची मी माफी मागणार नाही. तुमच्यापासून लपवलं आणि त्यासाठी मोतीबिंदू पुढे केला, याची मागते.

दुसरी आवृत्ती फेब्रुवारीअखेर छापायला जाईल. आप्पासाहेबांसारखंच प्रकाशकांचंही म्हणणं आहे की शेवट जरा मऊ करा, कडी उघडा, डॉक्टरला वाचवा. तुम्ही सांगितलंत तर मी शेवट बदलते. आणि नऊ तारखेला येऊ की नको, तेही तुम्हीच सांगा.

तुमची,
राजी

•

सावेडी
२७ जानेवारी २०२५

मामा,

तेवीस दिवस झाले. इतका उशीर तुम्ही कधी केला नाहीत, आई गेली तेव्हासुद्धा आठव्या दिवशी तुमचं पत्र होतं. मोबाईल केला तर मामी उचलते आणि म्हणते, "हायेत, बरे हायेत, कामात हायेत." तुम्हाला कसलं काम आहे ते सांगत नाही आणि वर हसल्यासारखं करते. मला हसू येत नाहीये.

रागावला असाल तर रागवा, पण लिहून रागवा. अबोला मला सोसत नाही. मी शीतघर लिहिलंय, पण तिथे राहायची मला सवय नाही.

राजी

•

कोल्हार
२ फेब्रुवारी २०२५

चि. राजी,

अक्षर पाहून घाबरू नकोस. आजारी नाही. झटका वगैरे काही नाही.

हे पत्र मी डाव्या हाताने लिहितो आहे.

आठ जानेवारीला सुरुवात केली. पहिले दहा दिवस नुसत्या रेघा आल्या. नंतर दिवसाला चार ओळी. 'ळ' अजून जमत नाही, म्हणून तो असलेले शब्द शक्यतो टाळतो.

टाळतो लिहिताना दोन कागद फाडले.

बोटं दुखतात. खांदा भरून येतो. चिडचिड होते. एकदा पेन फेकलं. तू सात वर्षांची होतीस आणि तू पेन्सिल फेकली नव्हतीस. मला तेव्हा वाटलं, किती गुणी पोर आहे. तुला त्रास होत असेल हे मनातच आलं नाही.

चौतीस वर्षं मी बांधावर उभं राहून शेतकऱ्यांना एकच सांगितलं. तेच तेच बेणं लावत राहू नका. तीन वर्षांनी बदला. नाहीतर ऊस दिसायला उसासारखा दिसतो पण कांडी बारीक होत जाते. लोकांना पटलं. घरी आलो की विसरायचो. आपल्याच हाताचं बेणं तुझ्या हातात लावलं.

अर्जावरची सही मीच केली. चूक केली. त्या दिवशी मला अभिमान वाटला होता, की दोन अक्षरांत फरक दिसत नाही. हे आज तुला सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

शेवटाचं तू मला विचारलंस. राजी, पुन्हा मलाच? तुझ्या अर्जावर तुझी सही तू कर. मी सांगणार नाही. वाचक म्हणून मत द्यायचा हक्क मात्र मला आहे, कारण नियम मीच केला आहे. वहीवर चिकटवलेला कागद काल काढला. त्या चौघांच्या खाली माझा अभिप्राय लिहिला, याच हाताने:

"पुस्तक खरे आहे. डॉक्टर ओळखीचा आहे. शेवट बदलू नये. कडी लागली तेव्हा या वाचकाला भीती वाटली आणि मग मुलगा परीक्षेला पोचला म्हणून बरेही वाटले. रंगनाथ, वाचक."

करण म्हणाला, "आजोबा, अक्षर लईच घान हाय." मी म्हटलं, शिकतोय.

नऊ तारखेला ये. अध्यक्ष मी नाही, धनश्रीला केलं आहे. टोळीला त्या दिवशी अर्धी सुट्टी द्यायला मुकादम कबूल झाला. समिती नाराज आहे. असू दे. मी समोर सतरंजीवर बसेन. तुला माझ्याबद्दल जे बोलायचं ते तिथे मोठ्याने बोल. मला कान आहेत, असं तुझी मामी म्हणते.

तुझी मामी हे पत्र संपायची वाट बघते आहे. रोज मी लिहायला बसलो की ती परड्यातून एक पेरू आणून माझ्या उजव्या हातात देते. खाली ठेवायचा नाही, खायचा नाही. दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून येऊन बघून जाते.

आजचा चांगला पिकला आहे. सही केली की खाणार.

तुझा,
मामा